कीर्ती मुळावर आली : सर्पगंधेची गोष्ट

१९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या वैद्यकीय नियतकालिकात मुंबईच्या एका डॉक्टरांचा लेख प्रसिद्ध झाला. डॉ. रुस्तम जाल वकील हे त्यांचे नाव. परळच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित असलेल्या या हृदयरोगतज्ज्ञाने उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना एका भारतीय वनस्पतीच्या मुळांपासून तयार केलेल्या गोळ्या देऊन पाहिल्या होत्या आणि त्यांपैकी बहुतेकांचा रक्तदाब काही आठवड्यांत उतरल्याचे नोंदवले होते. आज रक्तदाबाची गोळी घरोघरी असते. तेव्हा मात्र या विकारावर खात्रीचे औषध जवळपास नव्हतेच. मीठ तोडायचे, विश्रांती घ्यायची, झोपेची औषधे द्यायची आणि फारच झाले तर मज्जातंतू कापण्याची शस्त्रक्रिया करायची, एवढेच उपाय वैद्यकाच्या हाती होते. त्यामुळे मुंबईतून आलेल्या या लेखाकडे जगाचे लक्ष गेले. १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला, पुढच्याच वर्षी पद्मभूषणही.

औषधाची ही कथा अनेकदा सांगितली गेली आहे. ज्या झुडपामुळे ती घडली, त्या सर्पगंधेची ओळख मात्र शहरी वाचकाला बहुधा नावापुरतीच असते. वास्तविक सर्पगंधेचे पुढे जे झाले, ते समजायचे असेल तर आधी ती वनस्पती म्हणून कशी आहे, कशी वाढते, कशी फुलते आणि किती संथपणे पुनरुत्पादन करते, हे पाहावे लागते.

सर्पगंधा हे झाड म्हणावे एवढे मोठे नाही. गुडघ्यापासून कमरेपर्यंत उंची, फारशा फांद्या नाहीत, सरळ उभे राहणारे सदाहरित उपक्षुप. हिमालयाच्या पायथ्यापासून आसामपर्यंत, मध्य भारताच्या जंगलांत, पूर्व आणि पश्चिम घाटांत, अंदमानात, शिवाय श्रीलंका, म्यानमार, थायलंड आणि जावापर्यंत ती आढळते. आपल्याकडे कोकण आणि सह्याद्रीच्या दमट भागात तिचे वास्तव्य आहे. मोठ्या वृक्षांच्या सावलीत, पालापाचोळा कुजून भुसभुशीत झालेल्या ओलसर मातीत ती सुखाने राहते. पाणी साचलेले मात्र तिला चालत नाही.

तिची पहिली खूण पानांत आहे. बहुतेक झुडपांची पाने फांदीवर एकाआड एक किंवा समोरासमोर जोडीने येतात. सर्पगंधेची पाने मंडलित असतात, म्हणजे एका पेऱ्यावर तीन, क्वचित चार-पाच पाने चक्राकार उगवतात. ती लांबट, दोन्ही टोकांना निमुळती, वरून चकचकीत हिरवी आणि खालून फिकट असतात. फुले आली की ओळख अधिकच सोपी होते. फुलांचे दाट गुच्छ फांदीच्या टोकाकडे येतात, त्यांचे देठ आणि निदलपुंज पोवळ्यासारखे लाल असतात आणि त्या लालीतून पांढऱ्या, गुलाबी-जांभळ्या छटेच्या बारीक नळ्या बाहेर डोकावतात. प्रत्येक नळी मध्यावर किंचित फुगलेली असते. नेमक्या त्या फुगवट्यात पाच पुंकेसर दडलेले असतात. नळीच्या तोंडाशी पाच लहान गोल पाकळ्या. इतका नाजूक पांढरा-लाल मेळ आपल्या बागांतल्या अनेक विदेशी झुडपांनाही साधलेला नाही, आणि तरीही शोभेचे झाड म्हणून सर्पगंधेची फारशी वाहवा झाली नाही.

तिचे घराणे आपल्या परिचयाचेच आहे. ॲपोसायनेसी, म्हणजे करवीर कुल. कण्हेर, चाफा, तगर, सदाफुली, कुडा, सातवीण ही सारी तिची भावंडे. कळीत पाकळ्या एकमेकींवर पिळलेल्या असणे ही या कुलाची सवय. दुसरी सवय म्हणजे परागणाची एक चतुर रचना. या कुलातील अनेक फुलांत कुक्षीचे डोके जाडसर, डमरूसारखे असते. फुलाचे स्वतःचेच पराग त्या डोक्याच्या वरच्या भागावर सांडून राहतात, पण परागग्रहण करणारा भाग असतो खाली. फुलपाखराची सोंड मधासाठी आत शिरताना आधीच्या फुलावरून आणलेले पराग खालच्या भागाला देते. परत निघताना मधल्या चिकट द्रवाने ती माखते आणि मग वरचे पराग उचलते. येताना देणे आणि जाताना घेणे, असा हा व्यवहार असल्याने फुलाचे पराग त्याच फुलात वाया जाण्याची शक्यता कमी होते. सर्पगंधेसारख्या अरुंद नळीच्या फुलाला लांब सोंडेचे पाहुणे लागतात ते यामुळेच.

फळाच्या बाबतीत मात्र सर्पगंधा भावंडांपासून वेगळी पडते. कण्हेर, कुडा, सातवीण यांच्या शेंगा वाळून तडकतात आणि केसाळ बिया वाऱ्यावर स्वार होऊन दूर जातात. सर्पगंधेचे फळ गरदार, वाटाण्याएवढे, आधी हिरवे आणि पिकल्यावर चकचकीत जांभळट काळे होते. फुलात दोन किंजदले असल्याने कधी दोन फळे बुडाशी चिकटून जुळी येतात, तर कधी एकच वाढते आणि दुसरे मागे राहते. गराच्या आत कठीण आठळी असते आणि आठळीत बी. ही आठळी फुटून अंकुर बाहेर यायला वेळ लागतो. त्यातही बऱ्याच आठळ्या आतून पोकळ किंवा अर्धवट भरलेल्या निघतात. म्हणूनच सर्पगंधा लावणारे शेतकरी बी आधी पाण्यात टाकतात, तरंगणारे फेकून देतात आणि बुडालेलेच पेरतात. जंगलात अशी निवड करायला कोणी नसते. तेथे सर्पगंधेची नवी पिढी उभी राहणे हे मुळातच सावकाशीचे काम आहे.

आता मुळाकडे वळू. साऱ्या कीर्तीचे आणि साऱ्या संकटाचे कारण तेच आहे. जमिनीवर हे झुडूप जेवढे दिसते, त्या मानाने त्याचे मूळ पुष्कळ खोल जाते. ते वेडेवाकडे, नागमोडी, बाहेरून तपकिरी करड्या सालीचे आणि आतून पिवळट पांढरे असते. त्याला म्हणावा असा वास नसतो. चव मात्र कमालीची कडू. या नागमोडी आकारामुळे तिच्या नावाला साप चिकटला असे एक मत आहे, तर सर्पदंशावर ते मूळ देत असत म्हणून, असे दुसरे. दोन्ही कारणे एकमेकांत मिसळली असणे अधिक संभवते. वनस्पतीच्या आकारावरून तिचा उपयोग ठरवण्याची रीत जगभर होती.

साप आणि हे मूळ यांची सांगड जुनी आहे. १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने सिंहलद्वीपातील ‘सापाच्या लाकडा’ची माहिती दिली आहे. सापाशी झुंजणारे मुंगूस ते मूळ चावून येते, ही लोककथाही त्यात आहे. मुंबई बेट ज्याच्याकडे काही काळ भाडेपट्ट्याने होते, तोच हा ओर्ता. त्याने वर्णिलेल्या प्रकारांपैकी एक सर्पगंधा असावी असे अभ्यासकांनी मानले आहे. पुढे लिनीयसने १७५३ मध्ये तिला दिलेल्या लॅटिन नावातही ‘सर्पकाष्ठ’ हाच अर्थ होता. आज तिचे शास्त्रीय नाव राउवोल्फिया सर्पेंटिना असे आहे. यातील राउवोल्फ हा सोळाव्या शतकातील आउग्सबुर्गचा जर्मन वैद्य. औषधी वनस्पतींच्या शोधात तो हलब आणि बगदादपर्यंत भटकला, पण भारतात कधी आलाच नाही. ज्या झुडपामुळे त्याचे नाव अमर झाले, ते त्याने पाहिलेही नसावे.

प्राचीन संस्कृत ग्रंथांत नाकुली, गंधनाकुली, सर्पसुगंधा अशी नावे येतात. ती सारी याच वनस्पतीची आहेत काय, यावर वैद्यांचे एकमत नाही. लोकपरंपरेचा पुरावा अधिक ठोस आहे. बिहारात हे मूळ ‘पागल की दवा’ म्हणूनच विकले जाई. भ्रमिष्टाला शांत करण्यासाठी, झोप यावी म्हणून, तापात, पोटदुखीत, बाळंतपणात तिचा वापर होत असे. यातील शांत करण्याचा गुण विज्ञानाच्या कसोटीवर उतरला. सर्पदंशाचा मात्र उतरला नाही, आणि हे स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. नाग किंवा मण्यार चावल्यावर सर्पगंधेचे मूळ उगाळून पाजण्यात गेलेला प्रत्येक क्षण रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो. तेथे रुग्णालयात मिळणारे प्रतिविष हाच उपाय आहे.

मुळाच्या गुणांचा रासायनिक शोध भारतातच सुरू झाला. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसेन सिद्दीकी यांनी १९३१ मध्ये मुळातून अनेक अल्कलॉइडे वेगळी केली आणि त्यांतील एकाला हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ ‘अजमलिन’ असे नाव दिले. त्याच वर्षी कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि उच्च रक्तदाब या दोहोंवर ही वनस्पती उपयुक्त असल्याचे प्रसिद्ध केले. डॉ. वकील यांच्या लेखामागे ही पूर्वपीठिका होती. मग १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीच्या संशोधकांनी रिसर्पिन हे द्रव्य वेगळे काढले आणि चित्रच पालटले. न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात नेथन क्लाइन यांनी १९५४ मध्ये त्याचे परिणाम जाहीर केले. आधुनिक मनोविकार चिकित्सेतील अगदी पहिल्या औषधांत रिसर्पिनची गणना होते.

वनस्पतीला ही कडू रसायने कशाला लागतात? आपला रक्तदाब उतरवण्यासाठी खचितच नव्हे. मातीतील किडे, बुरशी, कुरतडणारे प्राणी यांच्यापासून बचाव हे त्याचे सर्वसाधारण उत्तर. सदाफुलीत रक्ताच्या कर्करोगावरील औषधे सापडली, तीही याच कुळातील अशाच संरक्षक द्रव्यांच्या साठ्यातून. सर्पगंधेत हा साठा प्रामुख्याने मुळाच्या सालीत असतो, आतल्या काष्ठात त्याचा अंश अल्पच. त्यामुळे मूळ खणताना साल सोलली गेली, तर औषधच टाकून दिल्यासारखे होते.

रिसर्पिनची क्रिया विलक्षण आहे. मज्जातंतूंच्या टोकांशी नॉरॲड्रेनलिन, सेरोटोनिन, डोपामिन हे निरोप वाहणारे पदार्थ सूक्ष्म पिशव्यांत भरून ठेवलेले असतात. रिसर्पिन या पिशव्या भरण्याची यंत्रणाच बंद पाडते. साठा हळूहळू रिकामा होतो, रक्तवाहिन्यांचा ताण उतरतो, नाडी मंदावते, मन निवते. परिणाम दिसायला दिवस लागतात आणि औषध थांबवल्यावरही तो रेंगाळतो. पण ज्या साठ्यामुळे अस्वस्थता कमी होते, त्याच साठ्यावर उत्साहही अवलंबून असतो. काही रुग्णांना गंभीर नैराश्य आल्याचे वैद्यांनी नोंदवले आणि रिसर्पिनविषयी सावधगिरी वाढली. या दुष्परिणामाचाही विज्ञानाला लाभ झाला. रिसर्पिन दिल्याने निपचित पडलेले ससे एल-डोपा दिल्यावर पुन्हा हालचाल करू लागतात, हे आर्विड कार्लसन यांनी १९५७ मध्ये दाखवले. कंपवाताच्या आजच्या उपचाराचा पाया त्यातून घातला गेला आणि २००० साली कार्लसन नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. रक्तदाबावर पुढे अधिक सुरक्षित औषधे आल्याने रिसर्पिनचा वापर आता क्वचितच होतो. अजमलिन मात्र हृदयाच्या विद्युतप्रवाहातील एक दुर्मीळ दोष शोधण्याच्या चाचणीत अजूनही वापरले जाते.

औषध मागे पडले म्हणजे झुडूप सुटले, असे वाटेल. तसे झाले नाही. हिशेब करून पाहा. वाळलेल्या मुळात रिसर्पिनचे प्रमाण साधारण हजारात एक भाग. म्हणजे एक किलो वाळलेल्या मुळांतून जेमतेम एक ग्रॅम रिसर्पिन, आणि त्यातून पाव मिलिग्रॅमच्या चार हजार गोळ्या. एका झुडपाचे वाळलेले मूळ फार तर काही तोळे भरते. एका किलोसाठी अशी कितीतरी झुडपे लागतात. पाने किंवा साल काढली, तर झाड पुन्हा सावरू शकते. फुले-फळे तोडली, तर पुढचा बहर येतो. मूळ खणले की त्या झुडपाचा कारभार आटोपला. ज्या झुडपाला उपयोगी मूळ धरायला दोन-तीन वर्षे लागतात, ज्याच्या बियांतील पुष्कळशा उगवतच नाहीत, त्याच्यासाठी जगभरची मागणी म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. खणणाऱ्याला जंगलातील सर्वांत जाडजूड, म्हणजे सर्वांत जुनी आणि भरपूर बी देणारी झुडपे आधी हवी असतात. मराठीत ‘मुळावर येणे’ हा वाक्प्रचार सर्पगंधेला जितका शब्दशः लागू पडतो, तितका क्वचितच कोणाला पडत असेल.

औद्योगिक जगाने स्वतःपुरता मार्ग काढला. १९५६ मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट वुडवर्ड यांनी रिसर्पिन प्रयोगशाळेत घडवून दाखवले. रसायनशास्त्राचा तो एक मानबिंदू ठरला, पण कारखान्याच्या दृष्टीने वनस्पतीपासून रिसर्पिन काढणेच स्वस्त होते. मग आफ्रिकेतील राउवोल्फिया व्होमिटोरिया ही सर्पगंधेची चुलत बहीण पुढे आली. ती उंच वाढते आणि तिच्या मुळात रिसर्पिन अधिक असते. परदेशी कंपन्यांचा ओढा तिकडे वळला. भारतात मात्र आयुर्वेद आणि युनानी औषधांसाठी संपूर्ण मुळाची मागणी कायम राहिली आणि तिचा मोठा भार जंगलावरच पडत आला. १९९० मध्ये सर्पगंधेचा समावेश साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात झाला. या परिशिष्टातील वनस्पतीच्या व्यापाराला परवाना लागतो. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीने या कराराच्या तरतुदी आपल्या कायद्यातही आल्या. तथापि परवान्याची अट सीमेवर लागते. गावच्या बाजारात पोत्यातून येणाऱ्या मुळाचा माग काढणे ही वेगळीच गोष्ट आहे.

टंचाई आली की भेसळ येते. सर्पगंधेच्या नावाखाली तिच्या भाईबंदांची मुळे सर्रास मिसळली जातात. सर्वांत सहज मिळणारी म्हणजे राउवोल्फिया टेट्राफिला. ही मूळची उष्ण कटिबंधीय अमेरिकेची, पण आता भारतात रस्त्याकडेला आणि पडीक जागी रानवट वाढते. तिच्यातही अल्कलॉइडे आहेत, त्यामुळे ती निव्वळ माती नव्हे. परंतु त्यांचे प्रमाण आणि मिश्रण वेगळे. ज्या औषधात मिलिग्रॅमच्या अंशाने फरक पडतो, तेथे ‘जवळपास तेच’ हे चालणारे नाही. सुकलेल्या मुळाच्या तुकड्यावरून डोळ्यांनी निवाडा करणे अवघड असते. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र फरक कळतो. खऱ्या सर्पगंधेच्या मुळाच्या त्वक्षेत लहान आणि मोठ्या पेशींचे थर आलटूनपालटून असतात आणि सालीत दगडी पेशी नसतात. तिच्या अनेक नातलगांच्या सालीत त्या असतात. औषधनिर्मितीत वनस्पतिशास्त्रज्ञ कशाला हवा, असे विचारणाऱ्यांनी ही एवढी गोष्ट ध्यानी घ्यावी.

लागवड हा उघड उपाय आहे आणि तो अशक्यही नाही. इंदूर येथे निवडलेले आर. एस.-१ हे वाण उपलब्ध आहे. ऊतिसंवर्धनाने रोपे करता येतात. खोडाचे किंवा मुळाचे तुकडे लावूनही रोपे होतात, पण बियांपासून आलेल्या रोपाची मुळे अधिक भरतात. अर्धवट सावलीत आंतरपीक म्हणूनही ती येते. पाने गळू लागतात त्या थंडीच्या सुमारास मुळे काढावीत असा संकेत आहे, कारण तेव्हा त्यांत अल्कलॉइडांचे प्रमाण चांगले असते. अडचण आहे ती अर्थशास्त्राची. शेतकऱ्याने दीड-दोन वर्षे जमीन अडकवून, खोल मुळे अखंड निघतील अशा बेताने खणून माल बाजारात आणायचा, आणि तेथे त्याची गाठ जंगलातून फुकट खणून आणलेल्या किंवा भेसळीच्या मालाशी पडायची. व्यापाऱ्याने दोहोंना एकच भाव दिला, तर लागवड करणारा टिकणार कसा? मुळाची ओळख पटवणारी तपासणी आणि त्याचा उगम सांगणारा कागद या दोन गोष्टींना बाजारात मोल आल्याशिवाय शेतातील सर्पगंधा जंगलातील सर्पगंधेला वाचवू शकणार नाही, असे वाटते.

घरी कुंडीत सर्पगंधा लावण्याची हौस अलीकडे शहरांत दिसते. ती जरूर पुरवावी. पावसाळ्याच्या आसपास येणारा लाल देठांचा फुलोरा गॅलरीला शोभा देतो. मात्र तिचे मूळ स्वतः काढून खाण्याच्या फंदात कोणी पडू नये. रक्तदाबाची किंवा मनोविकाराची अन्य औषधे चालू असतील, पूर्वी नैराश्याचा त्रास झाला असेल, गर्भारपण असेल, तर ते विशेष धोक्याचे. रोपवाटिकेतून रोप आणताना एका पेऱ्यावरची पाने मोजावीत. बहुतेक पेऱ्यांवर सारख्या आकाराची तीन दिसली, तर ती सर्पगंधा असण्याची शक्यता चांगली. पेऱ्यापेऱ्यावर चार पाने असतील, त्यांतली दोन मोठी आणि दोन लहान, फुले बारीक पिवळसर पांढरी आणि फळे काळी होण्यापूर्वी लाल होत असतील, तर विक्रेता काहीही म्हणो, ती अमेरिकेहून आलेली टेट्राफिला आहे.